मलकापूरची पाच घरं

हात पुढं केला आणि बाही मागं सरकली, झालं ते एवढंच. मंगळवार पेठेतल्या मंगल कार्यालयात रविवारी संध्याकाळी मंडळाची सभा होती, समोर तीनेकशे माणूस बसलं होतं आणि स्टेजवर माईकपुढं पी. के. सर नेहमीप्रमाणं शपथ सांगत होते. 'मी शपथ घेतो की,' सर म्हणाले. 'मी शपथ घेतो की,' लोक म्हणाले. 'यापुढं माझी सगळी खरेदी मी आपल्याच माणसांकडून करीन.' यातल्या 'आपल्याच'आधी क्षणभर थांबायचं आणि मग जोर द्यायचा, ही सरांचीच युक्ती. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला टाळी कुठल्या शब्दावर पडते ते कळतं. तर त्या 'आपल्याच'वर त्यांचा हात नेहमीपेक्षा वीतभर जास्त पुढं गेला, नव्या शर्टाची कडक बाही मनगट सोडून चार बोटं वर चढली आणि मनगटावरचा लाल-हिरवा नाडा ट्यूबलाइटच्या उजेडात उघडा पडला. मोहरमचा नाडा. पिराच्या नवसानं फकीर झालेल्या माणसानं ते दिवस संपेपर्यंत बांधायचा असतो तो. सरांनी पुढचं वाक्य न अडखळता म्हटलं, कारण जिभेला सवय होती. पण बाही त्यांनी झटकन खाली ओढली. पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष विजयसिंहदादा यांचा मुलगा राजवर्धन मोबाईल उभा धरून सगळं टिपत होता. मोबाईलमागं त्याचा चेहरा दिसत नव्हता.

सभा संपल्यावर चहा झाला, 'सर, आवाज काय लागतोय तुमचा' हे चारपाच जणांनी म्हणून झालं, आणि सर बाहीचं बटण घट्ट लावून घराकडं निघाले. बटण लावलेलं आहे हे माहीत असूनही दर दहा पावलांवर बोट तिकडं जात होतं. पानपट्टीवाल्यानं हात केला. आज जरा जास्तच हसला का? दूध डेअरीपुढं उभी असलेली दोन पोरं बोलायची थांबली. आपल्याला बघून की दुधाचा नंबर आला म्हणून? माणसाच्या अंगावर एक चोरीची वस्तू असली की सगळं गाव पोलीस होतं. आणि ही तर चोरीचीही नव्हती, सरांच्या आईनं दिलेली होती, याचाच त्यांना जास्त राग येत होता. राग कुणाचा, हे मात्र त्यांनी नेहमीप्रमाणं ठरवायचं टाळलं.

सर म्हणजे पिराजी केरबा साळोखे. हे नाव पेठेत आता कुणी घेत नाही. पहिल्या नोकरीत हजेरीपटावर पी. के. झालं ते त्याला बरं वाटलं होतं, आणि अलीकडच्या सहा वर्षांत तर फारच बरं. पिराजी हे नाव पिरावरून पडलेलं. धोंडुबाईची, म्हणजे त्याच्या आईची, तीन पोरं पाळण्यापर्यंत पोचलीच नव्हती. चौथ्या खेपेला शेजारच्या शमशुद्दीन पिंजाऱ्याच्या आईनं तिला हाताला धरून मोहरमात आपल्या घरी बसणाऱ्या पिराकडं नेलं, आणि धोंडुबाई तिथं पदर पसरून म्हणाली, "पोर जगलं तर तुझं नाव ठिवीन, आणि जगंल तवर दरसाल फकीर करीन." पिराजी जगला. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांवर का होईना, एकोणसाठ वर्षं जगतोय. फकिरी म्हणजे काही फार अवघड काम नाही. मोहरम लागला की नाडा बांधायचा, आणि नवव्या दिवशी सकाळी अनवाणी, खांद्याला झोळी अडकवून पाच घरं मागायची. पाचच, कमी नाहीत, जास्त नाहीत. दुपारच्या आत ते धान्य पिराशी पोचवायचं, त्यातनं मलिदा होतो. लहानपणी त्याला हा दिवस दिवाळीपेक्षा आवडायचा. पेठभर ऊदाचा वास, आईचा हात खांद्यावर, आणि दारादारांत सूप घेऊन उभ्या बाया. झोळीत ज्वारी पडताना आधी एक थंड धार पाठीवरून गेल्यासारखं व्हायचं आणि मग खांद्याला हळूहळू ओढ लागायची. त्या ओढीनं त्याला मोठं झाल्यासारखं वाटायचं. विजयसिंह तेव्हा नुसता विज्या होता, शेंबडा, चड्डी वर ओढत मागं मागं यायचा आणि 'मलाबी फकीर कर की गं' म्हणून आपल्या आईशी, आक्काशी, भांडायचा. आक्का मग पिराजीच्या झोळीत ज्वारी घालायची आणि विज्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबायची. त्या काळात कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे हेच कुणाला सुचलं नव्हतं.

मग हे लपवणं कधी सुरू झालं? पिराजीनं त्याचा शोध अनेकदा घेतला होता आणि एकदाही त्याला नेमकी तारीख सापडली नव्हती. विजयसिंहदादांनी पहिल्यांदा त्याला स्टेजवर बोलावलं ते स्वच्छतेच्या शपथेसाठी. ती त्यानं छान सांगितली. पुढं मतदानाची शपथ आली, मग मराठी शाळा वाचवण्याची. ती सांगताना त्याची मोना इंग्रजी शाळेत बारावीला होती, पण टाळ्या चांगल्या पडल्या. मग हळूहळू शपथेतला मजकूर बदलत गेला आणि आवाज तोच राहिला. एखाद्या वळणावर उतरायला हवं होतं, पण गाडी इतक्या सावकाश चालली होती की उतरण्याइतकं काही झालंय असं वाटेचना. शिवाय मान होता. लग्नात पहिल्या पंगतीला बसवत होते, वर्तमानपत्रात नाव येत होतं, निवृत्तीनंतर शिक्षण मंडळावर घेतो असं दादा म्हणाले होते. आणि ढोंग काय एकट्यानं करायची गोष्ट आहे? दादांचा श्रावण अख्ख्या पेठेला माहीत होता, आणि तो शेतावरच्या घरात लागू होत नाही हेही. व्यसनमुक्तीवर बोलणारे वक्ते भाषणाआधी स्टेजमागं जाऊन तंबाखू थुंकून यायचे. त्या मानानं आपला नाडा म्हणजे काय, असं पिराजी स्वतःला सांगायचा आणि त्यानं काही काळ बरं वाटायचं.

स्टेजवर उभा राहायला लागला तेव्हापासून पाच घरं मागायला मलकापूर. रत्नागिरी रस्त्याला, एस. टी. नं दीडेक तासावर, जिथं पी. के. सरांना कुणी ओळखत नाही असं गाव. नवव्या दिवशी साडेसहाची गाडी धरायची, स्टँडच्या मागं चपला काढून पिशवीत टाकायच्या, पिशवीतली झोळी खांद्याला लावायची, अनोळखी पाच दारांत उभं राहायचं, आणि दहाच्या गाडीनं परत येऊन मागच्या बोळानं धान्य पोचतं करायचं. तिथल्या बायाही वाढायच्या, हात मोकळा सोडून वाढायच्या. पण पहिल्याच वर्षी एका दारात म्हातारीनं विचारलं होतं, "पावणं, कुठलं म्हणायचं?" आणि पिराजी म्हणाला होता, "मिरजेकडचा." पिराच्या नावानं मागायला उभा राहून, झोळी पुढं धरून, सरळ थाप. म्हातारी म्हणाली, "एवढ्या लांबनं आला व्हय?" आणि आणखी एक ओंजळ घातली. ती ओंजळ पुढं कितीतरी दिवस त्याच्या खांद्यावर होती. घरी आल्यावर धोंडुबाईनं झोळी हातात घेऊन तोलली. तेव्हा ती अंथरुणाला खिळली नव्हती. "हितली घरं काय मेली व्हय रं?" तिनं विचारलं. तो म्हणाला, मलकापूरचा पीर कडक आहे, लोक लांबून जातात. खोटं बोलायला शिक्षकाइतका तयार माणूस नाही. त्याला चटकन उदाहरण सुचतं. धोंडुबाईनं त्याच्या पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "बरं. जाऊन येत जा. पर चपला हितंच काढून जात जा की बाबा." चपलांचं त्यानं तिला सांगितलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि इथल्या घरांबद्दलच्या तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे त्यानंच ठेवलं.

या वर्षी नाडा बांधायला तो आठ दिवसांपूर्वी शमशुद्दीनच्या बायकोकडं, चाँदबीकडं, गेला होता. शमशुद्दीन गेल्यापासून तीच बांधते. मागच्या बोळानं, दिवेलागणीच्या आधी. पुढल्या खोलीत तिचा मुलगा काशिफ याचा गाद्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे कापूस पिंजायचं एक मशीन, दोन बायका शिवणाऱ्या, आणि हवेत तरंगणारी बारीक पांढरी धूळ. लहानपणापासून त्या धुळीचा वास त्याला ओळखीचा. कोरडा, उन्हात तापलेल्या उशीसारखा. या खेपेला मशीन बंद होतं आणि शिवणाऱ्या बायका नव्हत्या. चाँदबीनं नाडा बांधला, गाठीवर फुंकर घातली, "सुखी ऱ्हा" म्हणाली. काशिफ कोपऱ्यात तयार गाद्यांच्या थप्पीवर बसला होता. त्यानं नमस्कार केला आणि अगदी साध्या आवाजात, वर्गात शंका विचारावी तसं विचारलं, "सर, पुढल्या रविवारी शपथ हाय न्हवं? किती वाजता हाय?" पिराजी म्हणाला, सहाला. "मग साडेपाचला शटर वढतो," काशिफ म्हणाला. "सभा सुटल्यावर पोरं हितनंच जात्यात." त्याच्या बोलण्यात राग असता तर पिराजीला सोपं गेलं असतं. दोन वर्षांपूर्वी मोनाच्या लग्नातल्या गाद्या याच काशिफनं शिवल्या होत्या. फक्त पिराजीनं त्याला सांगितलं होतं की टेम्पो दुसऱ्याचा लाव, नाव नसलेला. काशिफनं लावला. मोना अजून फोनवर सांगते, पपा, गादी काय मस्त आहे, पाठ दुखतच नाही. मोनाच्या पाठीला कुणाचा कापूस आहे ते माहीत नाही, आणि पाठीला विचारतंय कोण.

सभेहून घरी आल्याबरोबर त्यानं मोबाईल उघडला. राजवर्धननं सभेचं रील टाकलेलं होतं, नगारे लावून. दादांचा हार, दादांचा नमस्कार, मग पी. के. सर, 'मी शपथ घेतो की', आणि लगेच टाळ्या. पिराजीनं परत लावलं. 'मी शपथ घेतो की', टाळ्या. मधलं 'आपल्याच' नव्हतं. हात पुढं जातो तो भाग नव्हता. त्यानं बोटानं मागंपुढं करून पाहिलं. कापलेली जागा नगाऱ्याच्या ठोक्यात नीट बसवली होती. अनुजा, त्याची बायको, शेंगा निवडत समोर बसली होती. ती हे सगळं पहिल्यापासून जाणते. मलकापूरच्या पिशवीत डबाही तीच भरून देते.

"दिसतोय काय?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग झालं की. दिसतच न्हाई तर भ्याचं कशाला?"

"दिसत नाही म्हणूनच," पिराजी म्हणाला. "त्यानं बघितलाय. बघितल्याशिवाय कापेल कशाला?"

अनुजानं एक किडकी शेंग बाजूला टाकली. मग म्हणाली, "तुमच्या आईनं तुमास्नी फकीर केलं, तुमी तर सीआयडी झालाय." एरवी तो हसला असता. तेवढ्यात दादांचा फोन आला. सर, उद्या सकाळी आठला घराकडं या जरा, एक खाजगी बोलायचंय, फोनवर नको. एवढंच. आवाज गोड होता, आणि दादांचा आवाज कधी गोड असतो हे पिराजीला सहा वर्षांत पाठ झालं होतं.

उद्या म्हणजे नववा दिवस. आठ वाजता दादांकडं जायचं म्हणजे साडेसहाची गाडी गेली, आणि पुढच्या गाडीनं जाऊन दुपारच्या आत परत येणं होत नाही. मलकापूर गेलं. म्हणजे एक तर या वर्षी पाच घरं मागायचीच नाहीत, नाही तर इथं, याच पेठेत मागायची. हे त्याला अंथरुणावर पडल्या पडल्या इतकं लख्ख कळलं की तो उठून बसला. न मागून काय होईल? काहीही होणार नाही, हे त्यानं स्वतः वर्गात अंधश्रद्धेच्या धड्याला समजावून सांगितलं होतं, फळ्यावर दोन मुद्दे काढून. आपण मरू, अशी भीती त्याला खरोखरच नव्हती. भीती वेगळीच होती. आपण एकदा मोडलं की मग मोडायला काही शिल्लक राहणार नाही, अशी काहीतरी. बाकी सगळं तर त्यानं या ना त्या शपथेत वापरून टाकलं होतं. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तो जे बोलत होता त्यातलं काय त्याचं होतं ते त्याला सांगता आलं नसतं. पण त्या एका सकाळी, अनोळखी दारात का होईना, थाप मारून का होईना, तो कुणाचा तरी मुलगा असायचा. पुरात दगड धरून ठेवावा तसा त्यानं तो दिवस धरून ठेवला होता. आता तो दिवस सोडायचा की पेठेतला मान सोडायचा, अशी वेळ आली होती.

सकाळी त्यानं जे केलं त्यात शौर्य काही नव्हतं. झोळी घडी घालून पिशवीत टाकली, वर एक फाईल ठेवली, फुल बाहीचा शर्ट घातला आणि चपला घालून निघाला. दादा हाकलतील, मग बघू. हाकललेल्या माणसाला निदान गमवायला काही नसतं, एवढाच त्याचा हिशेब. पावसाची एक सर येऊन गेली होती, डांबरावर पाणी होतं. दादांच्या दारात नेहमीची गर्दी अजून जमली नव्हती. आतून आक्काच्या खोकल्याचा आवाज आला. नव्वदीला टेकलेली आक्का हल्ली माजघरातच असते. दादा स्वतः बाहेर आले, खांद्यावर हात ठेवून त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले, दार लावलं, खिडकी लावली. पिराजीला वाटलं, आता मोबाईल काढतील. दादांनी कपाट उघडलं आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"सर, एवढं काम करायचं," दादा हळू आवाजात म्हणाले. "राजवर्धनचं पोरगं सातव्या म्हयन्यात झालं ते तुमास्नी म्हाईतच हाय. काचेच्या पेटीत हुतं म्हयनाभर. आक्कानं तवा नवस बोललाय पिराला. चोंगे, गूळ, आणि नारळ हाय ह्यात. रोज माझं डोस्कं खातीया. आता मी चाँदबीच्या दारात जाणं बरं दिसतं का, सांगा. तुमी मलकापूरला जाताच की. आमचं पण एवढं वाहून या."

पिराजीला आधी ऐकूच नीट आलं नाही. गाठोड्याला चोंग्यांचा, मोहरमच्या त्या तळलेल्या गोड पोळ्यांचा, आणि वेलदोड्याचा वास येत होता.

"मलकापूरला," तो म्हणाला. "तुम्हाला कोण बोललं?"

"आता कोण बोलतंय? सा वर्सं झाली की. एस. टी. तला आपला माणूस हाय, तिथल्या स्टँडवर असतो. पयल्याच साली सांगितलं त्यानं, सर चपला काढून हिंडाय लागल्यात म्हणून." दादा हसले. "पेठंत कुणाला म्हाईत न्हाई सर? बायकास्नी तर सगळंच म्हाईत असतंय."

"आणि काल?"

"काल काय? हां, ते. राजवर्धननं कापलं की. आपल्या माणसाला कशाला उघडं पाडायचं? फक्त फुडच्या टायमाला बटण लावा."

खोलीत पंखा फिरत होता. पिराजीला पहिल्यांदा जाणवली ती सुटका. हाकलत नाहीयेत, कुणाला राग नाही, पहिली पंगत शाबूत आहे. पण ती सुटका पायापर्यंत पोचायच्या आत तिच्या मागून दुसरी आली, आणि ही वेगळीच होती, मोठी, आणि तिच्यात हसू होतं. सहा वर्षं तो ज्यांच्यापासून लपत होता त्यांना सगळं माहीत होतं. दीड तासाची एस. टी., पिशवीतल्या चपला, मिरजेकडचा पावणा, हे सगळं नाटक रिकाम्या खुर्च्यांपुढं चाललं होतं. किंवा रिकाम्या नव्हे, खुर्च्यांतली माणसं नाटक दिसत नसल्याचं नाटक करत होती. काल 'आपल्याच'वर हात पुढं करणाऱ्या तीनशेंपैकी कितीजणांच्या घरी या आठवड्यात चोंगे झाले असतील? कितीजणांची आजी नाडा बांधून बसली असेल? शपथ देणारा खोटा, घेणारे खोटे, टिपणारा खोटा. त्या सगळ्यातली एकच गोष्ट खरी होती, काशिफच्या दुकानातलं बंद मशीन. हे डोक्यात आलं आणि त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. त्याला लाज वाटली, आणि नवल म्हणजे ती लाज त्याला आवडली. खूप दिवसांनी एखादी गोष्ट पूर्णपणे त्याची स्वतःची होती.

"दादा," तो म्हणाला, "हे मी नेणार नाही."

"का? जाणार न्हाई ह्या साली?"

"मलकापूर बंद केलं." हे त्यानं त्या क्षणीच ठरवलं होतं, पण बोलताना ते जुनं वाटलं. "फकीर गाठोडी वाहत नाही, दारात मागतो. तुम्हाला द्यायचं असलं तर दारात येऊन वाढा. आणि चोंगे चाँदबीकडं तुम्हीच पोचवा, चार पावलांवर आहे. आणि ती शपथ मी आता सांगणार नाही. माझी मोना काशिफच्या गादीवर झोपते."

दादांनी खिडकीकडं पाहिलं, लावलेली आहे ना बघायला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पत्त्यांचा डाव ऐन रंगात असताना एकानं उठून जावं तसे ते बघत होते. "झोपू दे की सर," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "झोपायला कोण न्हाई म्हणतंय? पर आसं तोंडावर बोलायचं नसतंय. शिक्षण मंडळाची यादी पुढल्या आठवड्यात हाय."

"माझं नाव काढा," पिराजी म्हणाला, आणि उठला. आपण एवढं सोपं वाक्य बोलू शकतो याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली होती, पण छातीत जागा झाली होती. श्वास पार खालपर्यंत जात होता.

त्यानं दादांच्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तिथंच, भिंतीशी, नीट लावून ठेवल्या. ओला, गार रस्ता तळव्यांना लागला. पिशवीतनं झोळी काढून खांद्याला अडकवली, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, आणि बोळाच्या मधोमध उभा राहिला. पुढचं त्याला आठवेना. मलकापुरात तो पुटपुटायचा. लहानपणी आईच ओरडायची. समोरच्या गॅलरीत दात घासणारा माणूस घासायचा थांबला. मग पिराजीनं तोंड उघडलं, आणि तीस वर्षांच्या वर्गांनी आणि सहा वर्षांच्या माईकनं तयार केलेला तो आवाज माईकशिवाय बाहेर पडला.

"फकीर आलाय, वाढा माय!"

तो आवाज बोळाच्या त्या टोकापर्यंत गेला. कुणाच्या तरी घरातला रेडिओ बंद झाला. वरच्या अंगाला एक दार खाडकन लागलं, मग आणखी एक. ते त्याला स्पष्ट ऐकू आलं, आणि लागायचंच होतं. मग दादांच्या माजघरात काहीतरी धडपडलं, "आई, थांब, पडशील," असा दादांचा आवाज आला, आणि भिंतीला धरत, एका हातात सूप तोलत आक्का दारात आली. तिला नीट दिसत नव्हतं. ती आवाजाच्या दिशेनं बघत होती.

"धोंडुबाईचा काय रं?"

"व्हय आक्का."

"सा सालं झाली," आक्का म्हणाली. एका हातातलं सूप कलत होतं आणि त्यातली ज्वारी कडेकडेनं सांडत होती. "दर साली ह्या दिसाला सूप भरून बसतीया. दुपार झाली की चिमण्यास्नी घालतीया. त्यास्नीबी आता सवय लागलीया बघ." तिनं सूप झोळीत रिकामं केलं. पाठीवरनं ती जुनी थंड धार गेली आणि खांद्याला ओढ लागली. आक्काच्या मागं, उंबऱ्याच्या आत, विजयसिंहदादा उभे होते. पुढं येत नव्हते आणि आतही जात नव्हते. गाठोडं अजून त्यांच्या हातात होतं. आक्कानं मागं न बघता म्हटलं, "विज्या, सांडलंय ते भर."

दादांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग गाठोडं पायरीवर ठेवून ते खाली वाकले आणि ओल्या फरशीवरची ज्वारी एकेक दाणा वेचायला लागले.

पिराजी वळला. पुढं चार घरं होती, आणि त्यानंतर काशिफचं दार. तिथं धान्य द्यायचं होतंच, पण त्याआधी काही बोलायचं होतं, आणि ते चोंगे खाऊन मिटण्यासारखं नव्हतं. काशिफ काय म्हणेल ते त्याला सांगता येत नव्हतं. ते तो ऐकून घेणार होता. पण आत्ता, या घडीला, त्याचे पाय हलके होते. त्यानं मान वर करून बोळाकडं पाहिलं आणि जागीच थांबला. दारं उघडली होती. कुणी सूप घेऊन, कुणी वाटी, कुणी नुसती ओंजळ भरून, कणकेचे हात पुसत, डोईवरचा पदर सावरत बाया उभ्या होत्या, जणू रोजच उभ्या असतात. त्यानं मोजलं. मागायची फक्त चार उरली होती आणि उघडी दारं सात होती. कुठली तीन सोडायची, हे धोंडुबाईनं त्याला कधी शिकवलंच नव्हतं.